फिनिशियनांचा हिशेब त्यांच्या देवळांत पाहावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन फिनिशियनांवर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरच्या, आजच्या लेबनॉनच्या चिंचोळ्या किनारपट्टीतल्या या लोकांविषयी मराठीत फार थोडे लिहिले जाते, त्यामुळे लेखाचे स्वागतच केले पाहिजे. तरीही लेखाच्या मांडणीविषयी माझी एक मूलभूत तक्रार आहे आणि ती थोड्या विस्ताराने मांडू द्यावी, ही विनंती. लेखकाने विषयाचे तीन कप्पे केले आहेत : व्यापार धूर्त, समाज पैशापुरता आणि धर्म क्रूर. पहिल्यात जहाजे आणि जांभळा रंग, दुसऱ्यात गब्बर व्यापारी, तिसऱ्यात बालबळी. फिनिशियनांच्या स्वतःच्या हातचे जे थोडेफार लेखन उरले आहे आणि ज्यांनी त्यांच्याशी प्रत्यक्ष देवघेव केली त्यांच्या दप्तरांत जे सापडते, त्यात मात्र हे कप्पे दिसत नाहीत. तिथे देव करारावर साक्षीला असतो, परमुलखातल्या वसाहतीची ओळख देवळावरून होते आणि देवळाच्या भिंतीवर दक्षिणेचे दरपत्रक लावलेले असते.

आधी नावाविषयी. ‘फिनिशियन’ हे नाव ग्रीकांनी दिलेले आहे. ज्या ‘फोइनिक्स’ शब्दावरून ते आले त्याचे ग्रीक भाषेत किरमिजी-जांभळा रंग आणि खजुराचे झाड असे दोन्ही अर्थ होतात. हे लोक स्वतःला शहराच्या नावाने ओळखत. टायरचा तो टायरचा, सिदोनचा तो सिदोनचा, बिब्लोसचा तो गुब्लचा. (मराठी बायबलमध्ये टायरला सोर आणि सिदोनला सीदोन म्हटले आहे, ते मूळ उच्चाराला अधिक जवळचे आहे.) या शहरांचे एक राज्य कधीच नव्हते, एक राजा नव्हता आणि एकमेकांवर कुरघोडी करण्यात त्यांना संकोच नव्हता. म्हणून लेखातला ‘फिनिशियन राष्ट्र’ हा शब्दप्रयोग मला खटकला. ऋग्वेदातील ‘पणी’ म्हणजेच फिनिशियन, हे जे विधान लेखाच्या चौकटीत दिले आहे, त्याचा निकालही इथेच लागतो. जे नाव त्या लोकांनी स्वतःला कधी लावलेच नाही, त्या परक्या नावाच्या उच्चाराशी वैदिक शब्दाचा उच्चार जुळवून काय साधणार?

वंशाची गोष्टही तशीच आहे. सिसिली, सार्डिनिया, इबिझा, स्पेन आणि उत्तर आफ्रिका इथल्या प्युनिक, म्हणजे पश्चिमेकडच्या फिनिशियन संस्कृतीच्या, दफनभूमींतील सांगाड्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लेबनॉनच्या किनाऱ्याकडून आलेला वंशाचा अंश जवळपास सापडलाच नाही. बहुतेकांचे पूर्वज सिसिली व एजियन प्रदेशातल्या लोकांसारखे होते आणि त्यात उत्तर आफ्रिकेची भर पडली होती. भाषा फिनिशियन, देव फिनिशियन, पुरण्याची रीत फिनिशियन, आणि रक्त मात्र निराळे. एखाद्या वंशाने समुद्र पादाक्रांत केला, असे वर्णन करण्यापेक्षा भाषा, देव आणि वजनेमापे यांच्या जोरावर अनोळखी माणसे एका व्यवहारात ओढली गेली, असे म्हणणे आता अधिक सयुक्तिक ठरते.

फिनिशियनांनी पपायरसवर लिहिले आणि त्या किनाऱ्याच्या दमट हवेत पपायरस टिकला नाही. ज्या बिब्लोसच्या नावावरून ग्रीकांनी पुस्तकाला ‘बिब्लिऑन’ म्हटले आणि पुढे ‘बायबल’ शब्द घडला, त्या बिब्लोसचा एकही ग्रंथ आज आपल्या हाती नाही. त्यामुळे या लोकांचे चित्र रंगवले ते त्यांच्या गिऱ्हाइकांनी आणि शत्रूंनी. लेखात उद्धृत केलेला ग्रीक महाकवी होमर हा त्याचा उत्तम नमुना आहे. ‘इलियड’मध्ये शर्यतीचे बक्षीस म्हणून सिदोनच्या कारागिरांनी घडवलेला चांदीचा घंगाळवजा कुंभ येतो, आणि सौंदर्यात त्याच्या तोडीचा दुसरा पृथ्वीवर नाही असे कवी सांगतो. ‘ओडिसी’मध्ये तेच लोक लुच्चे ठरतात. तिथला प्रसंग मात्र नीट वाचावा. फिनिशियन गलबत एका बेटावर वर्षभर थांबते, कारण तेवढ्या काळात तळ भरेल इतका माल जमवायचा आहे. निघण्याच्या दिवशी एक माणूस सोन्यात अंबर गुंफलेला हार घेऊन राजाच्या घरी येतो. घरातल्या बायका हार हातात घेऊन निरखतात, भाव करतात, आणि तो दाईला हळूच खूण करतो. दाई स्वतः सिदोनची, पळवून आणून विकलेली. ती राजाच्या मुलाला हाताशी धरून आणि तीन पेले वस्त्रात लपवून बंदरावर जाते. फसवणूक खरीच आहे. पण वर्षभर वस्तीला राहून, घरोघर जाऊन, बायकांच्या हाती माल देऊन चाललेला सावकाश उदीम कसा असे, याचे इतके जवळचे चित्र अन्यत्र क्वचितच मिळते, आणि लेखाने त्यातली फक्त फसवणूक उचलली.

आता व्यापाराकडे वळतो. इजिप्तचा देव आमून याच्या पवित्र नौकेसाठी लाकूड आणायला निघालेल्या वेनामून नावाच्या इजिप्शियन पुरोहिताची हकिकत एका पपायरसवर आहे. तिच्यातला काळ इ. स. पू. सुमारे १०७५ चा आहे. ही हकिकत खरी सरकारी नोंद की रचलेली गोष्ट, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु तिच्यातला व्यवहार ज्याने लिहिला त्याला बंदराची चांगली माहिती होती यात शंका नाही. वाटेत वेनामूनची चांदी चोरीला गेलेली असते, हाती कागदपत्रे नसतात. बिब्लोसचा राजा झकरबआल त्याला रोज निरोप पाठवतो, ‘माझ्या बंदरातून चालता हो’, आणि हे एकोणतीस दिवस चालते. मग एके दिवशी राजा आपल्या देवांना बळी अर्पण करीत असताना एका तरुणाच्या अंगात येते आणि तो ओरडतो की देवाला वर आणा, त्याला घेऊन आलेल्या दूताला आणा. वेनामूनने आमूनची एक लहान मूर्ती बरोबर आणली होती. पैशाअभावी अडलेली बोलणी देवाच्या वाणीने पुन्हा सुरू होतात.

दुसऱ्या दिवशी तो वरच्या दालनात जातो तेव्हा राजा खिडकीकडे पाठ करून बसलेला असतो, आणि त्याच्या डोक्यामागे समुद्राच्या लाटा फुटत असतात. ‘तुमच्या वाडवडिलांनी पुरवले तसेच लाकूड द्या,’ अशी मागणी होताच राजा पूर्वजांच्या रोजकीर्दी मागवतो आणि वाचून दाखवायला लावतो. त्या वह्यांत एक हजार देबेन (हे इजिप्शियन वजन) चांदीची नोंद निघते. म्हणजे मागच्या पिढ्यांनीही फुकट काही दिले नव्हते. अखेर इजिप्तहून जे आले त्याची यादीच दिलेली आहे : सोन्याच्या व चांदीच्या भांड्यांखेरीज पाचशे पपायरसच्या गुंडाळ्या, पाचशे बैलांची कातडी, पाचशे दोरखंड, वीस पोती मसूर आणि तीस टोपल्या मासे. हे मिळाल्यावर राजाने तीनशे माणसे आणि तीनशे बैल डोंगरावर पाठवले. यात धूर्तपणा कुठे आहे? हा रोखठोक, वहीला जागणारा व्यवहार आहे आणि तो खोळंबला तेव्हा मोकळा केला तो देवळाने.

टायरचा राजा हिराम आणि इस्राएलचा राजा शलमोन यांच्यातल्या देवदाराच्या सौद्याचा लेखात उल्लेख आहे, तो पुरेसा आहे. बायबलच्या वृत्तांतानुसार शलमोनाने शेवटी गालीलातली वीस गावे दिली आणि ती पाहून हिराम नाराज झाला, एवढेच त्यात जोडतो.

लेखात अश्शूर (असीरिया) साम्राज्य केवळ ‘फिनिशियनांवर अत्याचार करणारे’ म्हणून येते. खंडणी होतीच; पण अश्शूरचे दप्तर याहून गुंतागुंतीचे चित्र दाखवते. इ. स. पू. आठव्या शतकात अश्शूरचा राजा तिसरा तिग्लाथ-पिलेसर याच्या एका अधिकाऱ्याने राजाला लिहिलेल्या पत्रात टायरच्या लोकांना लेबनॉन डोंगरात जाऊन लाकूड तोडण्याची मुभा दिल्याचे सांगितले आहे. लाकडावर जकात घ्यायची, आणि माल इजिप्शियनांना व पलिष्ट्यांना विकायचा नाही, विकलात तर डोंगर बंद, अशी तंबीही त्यात आहे. बंदरावर बसवलेल्या जकातदारांविरुद्ध लोक उठल्याची नोंदही त्याच पत्रात सापडते.

यापुढचा दस्तऐवज मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इ. स. पू. सातव्या शतकात अश्शूरचा राजा एसरहद्दोन आणि टायरचा राजा बआल यांच्यात झालेला करार मातीच्या पाटीवर तुटक अवस्थेत उरला आहे. त्यात टायरच्या राजाबरोबर शहराच्या वडीलधाऱ्यांच्या सभेचा उल्लेख येतो, म्हणजे राजा एकटा कारभार करीत नव्हता. अश्शूरकडून आलेले पत्र तिथे नेमलेल्या प्रतिनिधीच्या अनुपस्थितीत उघडायचे नाही, तो हजर नसेल तर त्याची वाट पाहायची, असे कलम आहे. टायरचे गलबत पलिष्ट्यांच्या किंवा अश्शूरच्या किनाऱ्यावर फुटले तर माल अश्शूरचा, परंतु गलबतावरच्या माणसांना इजा करायची नाही, असे दुसरे कलम आहे. आणि करार मोडला तर काय? तर बआल शामेम, बआल मलागे आणि बआल साफोन हे देव तुमच्या गलबतांवर वादळ सोडोत, नांगराचे दोर तोडोत, बांधण्याचा खुंट उपटोत. हे शाप जहाज कसे बुडते हे जाणणाऱ्या माणसांचे आहेत. ज्या काळी परमुलखात दाद मागायला न्यायालय नव्हते, त्या काळी करारामागे उभा राहणारा जामीन देवच असे, आणि खलाशाला ज्याची खरी धास्ती वाटेल असाच देव त्यासाठी निवडला जाई.

हेच सूत्र पश्चिमेकडे लावून पाहावे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे, आजच्या स्पेनमधल्या कादिझ इथे टायरच्या लोकांनी गादिर वसवले. नावाचा अर्थ तटबंदीची जागा. परंपरा त्याची स्थापना इ. स. पू. बाराव्या शतकाच्या अखेरीस नेते, उत्खननात मात्र नवव्या शतकाच्या आधीचे फारसे काही हाती लागत नाही. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो याने नोंदवलेल्या दंतकथेनुसार टायरहून तीन वेळा माणसे पाठवली गेली. पहिल्या दोन खेपांना बळीचे कौल अनुकूल आले नाहीत म्हणून ती परतली, तिसऱ्या खेपेला बेटाच्या पूर्व टोकाला टायरचा देव मेल्कार्त याचे देऊळ आणि पश्चिमेला गाव वसले. कथा कशीही असो, पुढे शेकडो वर्षे गादिरची ओळख त्या देवळाने दिली. त्याच्या पाठीमागे रिओ तिंतोच्या परिसरातली चांदी होती. लेव्हंटमध्ये, म्हणजे भूमध्याच्या पूर्व किनारपट्टीत, सापडलेल्या पुरलेल्या चांदीच्या ठेव्यांतील शिशाच्या समस्थानिकांचे परीक्षण झाले आहे, त्यातून सार्डिनिया आणि स्पेनच्या खाणींकडे बोट जाते. स्पेनच्याच मासारोन गावाजवळ समुद्रात सापडलेल्या इ. स. पू. सातव्या शतकातल्या एका लहान फिनिशियन होडीत मुरदाडशिंगाच्या, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडच्या, लाद्या भरलेल्या होत्या. चांदी शुद्ध करण्याच्या धंद्याशी या पदार्थाचा थेट संबंध आहे. फिनिशियनांनी चांदी इतकी मिळवली की जहाजाचे शिशाचे नांगर फेकून चांदीचे बसवले, असे ग्रीक इतिहासकार डिओडोरस सांगतो. ही अर्थात अतिशयोक्ती. पण कशाची अतिशयोक्ती होत होती, ते तीवरून कळते.

मेल्कार्त या नावाचा अर्थच ‘नगरीचा राजा’ असा होतो. टायरमधले त्याचे देऊळ ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने स्वतः जाऊन पाहिले आणि तिथले दोन स्तंभ, एक शुद्ध सोन्याचा व एक रात्री चमकणाऱ्या पाचूचा, असे वर्णन केले. परंपरेनुसार इ. स. पू. ८१४ मध्ये टायरच्या लोकांनी उत्तर आफ्रिकेत वसवलेल्या कार्थेजकडून आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग या देवळाला पाठवला जाई. पुढे कार्थेज मूळ शहरापेक्षा कितीतरी बलाढ्य झाले आणि रक्कम आटली, पण दूत येत राहिले. इ. स. पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने टायरला वेढा घातला तेव्हा कार्थेजचे असे दूत मेल्कार्तच्या पूजेसाठी शहरात आलेले होते. तो वेढाही देवळावरूनच पेटला : अलेक्झांडरला मेल्कार्तला, म्हणजे त्याच्या लेखी हेराक्लिसला, बळी द्यायचा होता. शहराने त्याला किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीत जाऊन पूजा करायला सांगितले, कारण त्या देवळात बळी देण्याचा मान राजाचा होता आणि तो देणे म्हणजे अंकित होणे. सात महिन्यांनी शहर पडले. अलेक्झांडरने समुद्रात टाकलेल्या भरावाभोवती वाळू साचत गेली आणि टायर आजही बेट राहिलेले नाही.

जांभळ्या रंगाविषयी लेखात भरपूर आहे. एकच आकडा जोडतो : १९०९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलँडर यांना सुमारे बारा हजार समुद्री गोगलगाई वापरून जेमतेम १.४ ग्रॅम रंगद्रव्य मिळाले होते. सिदोनला शिंपल्यांच्या टेकड्या का उभ्या राहिल्या, हे त्यावरून समजते.

समुद्रावरच्या शिस्तीविषयी मात्र लेखात काहीच नाही, आणि ती उणीव मोठी आहे. ग्रीक लेखक झेनोफोनच्या एका संवादात एक अथेनियन गृहस्थ घर नीट कसे ठेवावे हे पत्नीला सांगताना उदाहरण देतो ते एका मोठ्या फिनिशियन जहाजाचे. दोर, शिडे, वल्ही, शस्त्रे, भांडीकुंडी आणि नाखव्याचा सगळा माल एका जेवणघराहून फार मोठ्या नसलेल्या जागेत, एकमेकांत न गुंतता ठेवलेला. नाळेवरच्या तांडेलाला प्रत्येक वस्तूची जागा न पाहता सांगता येत होती, आणि तरीही तो रिकाम्या वेळी फिरून सगळे जागेवर आहे ना, हे तपासत होता. वादळात शोधाशोध करायला देव वेळ देत नाही, असे त्याचे उत्तर होते. या शिस्तीचा पुरावा समुद्राच्या तळाशीही मिळाला. आजच्या इस्राएलमधल्या अश्कलोनच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे चारशे मीटर खोलीवर, १९९९ मध्ये इ. स. पू. आठव्या शतकातल्या दोन मालवाहू गलबतांची पाहणी झाली. लाकूड बहुतेक नाहीसे झाले होते, पण प्रत्येक गलबताच्या आकारात जवळपास चारशे कुंभ रचल्यासारखे पडून होते. त्यांना आतून राळ लावलेली होती आणि त्यांत द्राक्षाची दारू होती. कुंभांचे माप इतके एकसारखे आहे की कुंभाराला ते ठरवून दिलेले असणार. परक्या बंदरात एकेक कुंभ न मोजता किंमत ठरवायची असेल तर याला पर्याय नाही.

विश्वास कसा बांधला जाई, याचे हेरोडोटसने दिलेले वर्णन प्रसिद्ध आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कार्थेजचे लोक माल वाळूत ओळीने मांडत, जहाजावर परतत आणि धूर करीत. स्थानिक लोक येऊन मालाशेजारी सोने ठेवून दूर जात. सोने पुरेसे वाटले तर कार्थेजचे लोक ते उचलून निघत, नाही तर पुन्हा जहाजावर जाऊन बसत, आणि भर पडेपर्यंत थांबत. सोने मालाच्या किमतीला पोचेपर्यंत कार्थेजचे लोक सोन्याला शिवत नाहीत आणि त्यांनी सोने उचलेपर्यंत स्थानिक लोक मालाला शिवत नाहीत, असे तो लिहितो. एकमेकांची भाषा न कळणाऱ्यांची ही घासाघीस. ‘धूर्त’ या एका शब्दात ती बसत नाही. चकित करणारी गोष्ट अशी की इतका व्यापार करणाऱ्या या शहरांनी स्वतःची नाणी पाडली ती थेट पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. तोवर तागडी आणि शेकेल हे वजन यांवर काम भागले.

समाजाविषयी लेख म्हणतो की तो ‘व्यापाऱ्यांचा आणि गुलामांचा’ होता. गुलाम होते, त्यांचा व्यापारही होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण सायप्रसमधल्या कितिऑनला, म्हणजे आजच्या लार्नाकाला, सापडलेला इ. स. पू. चौथ्या शतकातला एक देवळाचा जमाखर्च पाहावा. दगडी पाटीच्या दोन्ही बाजूंना शाईने लिहिलेली ही नोंद कोणा राजाने पराक्रम कोरण्यासाठी केलेली नाही. महिन्याचा खर्च मांडण्यासाठी कारकुनाने केलेली आहे. अस्तार्ते देवीचे घर बांधणारे गवंडी, गायक, बळी कापणारे, राणीसाठी, म्हणजे बहुधा देवीसाठी, पोळ्या भाजणारे दोन भटारी, सेवेत असलेले न्हावी, अशी एकेकाची पगारासह नोंद त्यात आहे. देऊळ हे त्या गावातले एक मोठे कारखानदार होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

याहून बोलका दगड मार्सेय शहरात १८४५ च्या सुमारास मिळाला. दगड मूळचा कार्थेजचा, बआल साफोनच्या देवळातला, आणि त्यावर बळीच्या दक्षिणेचे दर आहेत. सुरुवातीला ज्यांच्या कारकिर्दीत हे दर ठरले त्या दोन सुफेतांची, म्हणजे निवडून आलेल्या न्यायाधीश-शासकांची, नावे आहेत. शहराचे नागरी सरकार देवळाच्या दक्षिणेवर लक्ष ठेवून होते हे त्यावरून उघड होते. बैलामागे पुरोहिताला चांदीचे दहा शेकेल, वासरामागे पाच, पुढे मेंढा, कोकरू, पक्षी असे उतरते दर. मांसाचा कोणता भाग पुरोहिताचा आणि कोणता बळी देणाऱ्याचा हेही ठरलेले. यानंतरच्या दोन कलमांसाठी मी हे सगळे सांगतो आहे. ज्याच्याकडे गुरे नाहीत, पक्षी नाहीत, अशा गरिबाने अर्पण केलेल्या बळीतून पुरोहिताने काहीही घ्यायचे नाही. आणि जो पुरोहित या पाटीवरच्या दराहून अधिक वसूल करील त्याला दंड. पैशापुरता समाज म्हणून ज्यांना हिणवले त्यांनी देवाच्या दारातला दर दगडावर कोरून सगळ्यांना वाचता येईल असा लावला, ही गोष्ट लेखात असायला हवी होती.

आता बालबळी. लेखाने या प्रश्नाला अर्धे पान दिले आणि तो सगळ्या फिनिशियनांच्या माथी मारला, म्हणून त्याचे उत्तर देणे भाग आहे. कार्थेजमधली जी जागा ‘तोफेत’ म्हणून ओळखली जाते ती १९२१ मध्ये उजेडात आली. तिथे जळालेल्या अर्भकांच्या अस्थी असलेले हजारो कलश मिळाले. काहींत कोकरांच्या व करडांच्या अस्थी आहेत. वरच्या शिळांवर तनित ही देवी आणि बआल हम्मोन हा देव यांना उद्देशून ठरावीक मजकूर आहे : अमुकाने नवस फेडला, कारण देवाने त्याचा आवाज ऐकला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अस्थिपरीक्षणाने यातली बरीच बाळे जन्मापूर्वी किंवा जन्मताच गेली असावीत असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या अभ्यासकांनी वयाची गणना चुकली असल्याचे सांगून तो खोडून काढला. माझे स्वतःचे मत शिळांवरच्या मजकुराकडे झुकते. नवस फेडल्याचे शब्द नैसर्गिक मृत्यूच्या दफनाला लागू पडत नाहीत, त्यामुळे निदान काही प्रसंगी मुलांचा बळी गेला हे नाकारणे कठीण आहे. परंतु अशा जागा कार्थेज व उत्तर आफ्रिकेतली आणखी काही ठिकाणे, सिसिलीतले मोत्या, सार्डिनियातली काही शहरे एवढ्याच पट्ट्यात आहेत. स्पेनच्या फिनिशियन वसाहतींत त्या सापडलेल्या नाहीत, आणि खुद्द टायर-सिदोनच्या मायभूमीतही निःसंशय असे तोफेत आजवर मिळालेले नाही. वेढ्यात सापडलेल्या कार्थेजने दोनशे उमराव मुलांचा बळी दिल्याचे जे वर्णन लेखात आहे, ते सिसिलीच्या डिओडोरसचे आहे, इ. स. पू. ३१० मधल्या त्या घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, कार्थेजचे शतकानुशतकांचे वैरी असलेल्या बेटावर जन्मलेल्या माणसाने ते लिहिले आहे, हेही वाचकाला सांगायला हवे होते.

अक्षरांबद्दल लेखाने लिहिले ते बरोबर आहे : बावीस व्यंजने, उजवीकडून डावीकडे, ग्रीकांनी त्यांत स्वर घातले. त्यात मी काही जोडत नाही.

शेवटी एक दुरुस्ती. लेखासोबत काळ्या दगडाच्या शवपेटीचे जे छायाचित्र छापले आहे त्याखाली ‘इजिप्तच्या राजाची शवपेटी’ असा मजकूर आहे. पेटी इजिप्तमध्ये घडलेली आहे खरी, पण तिच्यात निजलेला राजा सिदोनचा, दुसरा एश्मुनाझार. ती १८५५ मध्ये सिदोनजवळ सापडली आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. झाकणावरच्या बावीस ओळी फिनिशियन भाषेत आहेत. तो म्हणतो की मी अकाली हिरावला गेलो, मी विधवेचा पोरका मुलगा. कारकिर्दीच्या चौदाव्या वर्षी तो गेला. आई अमोअश्तार्त अस्तार्तेची पुजारीण होती. त्या दोघांनी मिळून बांधलेल्या देवळांची यादी त्याने दिली आहे : समुद्राकाठी अस्तार्तेचे, डोंगरातल्या झऱ्यापाशी एश्मुनचे, सिदोनच्या बआलचे. त्यापाठोपाठ राजांच्या स्वामीने, म्हणजे इराणच्या सम्राटाने, दिलेली दोर आणि याफो ही धान्याची गावे सिदोनच्या हद्दीत आल्याची नोंद. आणि जो कोणी पेटी उघडील त्याला विनवणी व शाप : इथे काही शोधू नका, कारण इथे काहीही ठेवलेले नाही. पुढील अंकात छायाचित्राखालचा मजकूर सुधारून छापावा, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक